तीन महिने गप्प बसलेला टेप

मी बोलतोय. आवाज जरा घोगरा लागला तर मनावर घेऊ नका. तीन महिने कपाटाच्या माथ्यावर जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून ठेवलं, तर तुमचाही लागेल.

मी बीडच्या बन्सी ओव्हाळांच्या घरातला रेडिओ-टेप. एके काळी मला 'टू-इन-वन' म्हणायचे आणि बघायला गल्ली जमायची. आता भंगारवाला दारातून डोकावून 'चालू हाय का?' एवढंच विचारतो आणि पुढं जातो. चालू आहे. बराचसा.

स्वतःबद्दल मी नम्रपणे बोलणार नाही. नम्रता ज्यांचा आवाज लहान असतो त्यांना शोभते. मला दोन स्पीकर आहेत.

जन्माचं फारसं सांगण्यासारखं नाही. एका लांबच लांब टेबलावर मी तयार झालो. एकीनं चाकं बसवली, दुसरीनं तारा जोडल्या, तिसरीनं पाठीला स्क्रू आवळले आणि डोकं वर न करता पुढचा डबा ओढला. त्यातली आई कोण, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी मला पाच काळी बटणं दिली आणि एक लाल. लाल बटणाशेजारी मोहरीएवढं एक भोक आहे. तो माझा कान. बोलणाऱ्या यंत्राला कान कशाला, असं पुष्कळांना वाटलं असावं, कारण छत्तीस वर्षांत ते लाल बटण कुणी दाबलं नाही. पण भोक उघडं होतं, आणि मी ऐकत होतो.

एकोणनव्वद साली बन्सी कचेरीच्या कामानं औरंगाबादला आला आणि जाताना मला घेऊन गेला. तेव्हा तो तिशीतला होता, बीडला कारकून होता आणि खिशाला दोन पेन लावत होता. एसटीत त्यानं मला वर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. कंडक्टर म्हणाला, "लेकराचं तिकीट काढलं का?" बन्सी हसला नाही. कारकून माणूस, खरंच काढावं लागतं की काय, याचा तो विचार करत होता. त्याला मी बन्सीच म्हणणार. मांडीवर बसून प्रवास केलेल्याला एवढी सलगी चालते.

आम्ही उतरलो तेलगावला. तिथं त्याचं घर, आई आणि बायको. बायको अंगणात सूप घेऊन ज्वारी पाखडत होती आणि पाखडता पाखडता गात होती. ही भिमाबाई. खोक्यातून बाहेर आल्यावर माझ्या कानात पडलेला पहिला आवाज तिचा.

"कापूस येचिता येचिता बोटं माजी चिरली गं..."

एवढीच ओळ. पुढची यायच्या आत बन्सीनं माझी वायर भिंतीत खोचली आणि मी जे सुरू झालो, त्यानं दारातलं कुत्रं उठून गेलं. बन्सीची छाती फुगली होती. तो म्हणाला, "अगं, आता ह्यो गातोय की! तू कावून घसा कोरडा करतीस?"

तो हे प्रेमानं म्हणाला, हे मी साक्षीला उभं राहून सांगेन. घरात पिठाची गिरणी आली की बाईचे हात वाचतात, तसा टेप आला की तिचा घसा वाचेल, असा त्याचा हिशेब. बायकोचं एक काम आपण कमी केलं, या समाधानात तो हातपाय धुवायला गेला.

भिमाबाईनं माझ्याकडं पाहिलं. सूप चालूच राहिलं. गाणं थांबलं. मला त्या वेळी त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट मैदान मोकळं झालं असंच वाटलं. कोवळं वय होतं.

त्यानंतरची छत्तीस वर्षं माझी. तेलगावहून आम्ही बीडला आलो, आधी भाड्याच्या खोलीत, मग स्वतःच्या घरात. दर घरात मला जागा मिळाली ती बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखालच्या फळीवर. सकाळी वंदनेची कॅसेट, मग आकाशवाणीचं बीड केंद्र, मग बन्सीच्या आवडीची गाणी. दोनदा माझा पट्टा बदलला. एका कारागिरानं माझ्या कुशीला भोक पाडून पेनड्राइव्ह लावायची सोय केली. त्यालाही मी नाही म्हटलं नाही. पोरगा, संजय, पुण्याला नोकरीला लागला आणि त्यानं तांब्याएवढा एक बिनतारी स्पीकर पाठवला. तो आठ दिवस गायला. मग त्याचं चार्जिंग कुणी करायचं यावर एकमत झालं नाही.

एवढ्या वर्षांत माणसांची एक खोड माझ्या ध्यानात आली. ती गाणं लावतात आणि मग दुसरं काहीतरी करू लागतात. बन्सीला माझ्याशिवाय दाढी करता यायची नाही. माझ्याशिवाय भाजीतलं मीठ कळायचं नाही. मला लावायचा आणि पेपर उघडायचा, मला लावायचा आणि फोनवर बोलायचा; वर 'आवाज कमी कर गं' म्हणून आत ओरडायचा. तो ऐकतो कधी, हे मात्र मला कधीच सापडलं नाही.

आता गेल्या आषाढी पौर्णिमेचं सांगतो. त्या दिवशी वर्षावास सुरू होतो. पावसाळ्याचे तीन महिने भन्ते एकाच विहारात मुक्काम करतात, आणि वस्तीतले लोक ग्रंथवाचनाला जातात, जमेल तसं शील पाळतात. रोजची शीलं पाच. पौर्णिमा-अष्टमीसारख्या उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवशी आठ. त्यातलं सातवं म्हणजे नाच, गाणं, वाजवणं यांपासून दूर राहायचं. ते असतं त्या एका दिवसापुरतं. बन्सीही ते दर वेळी पाळायचा. म्हणजे त्या दिवशी मला अर्ध्या आवाजात लावायचा.

विहारात मी नव्हतो. पण पंडित जोगदंडनं तिथली हकिगत आमच्या घरी चहासोबत चार वेळा सांगितली आणि चारही वेळा सारखीच सांगितली, म्हणून खरी धरतो. पंडित बन्सीचा दोस्त, त्याच कचेरीत समोरच्या टेबलावर बसून त्याच्याच वर्षी निवृत्त झालेला. भन्तेजी शीलं समजावून सांगत होते, तेव्हा पंडित बन्सीच्या कानाशी लागला.

"बाकीचं समदं जमंल बन्सी तुला. सातवं न्हाई जमायचं. दाढी कराया बी गाणं लागतंय बे तुला."

बन्सी पांढऱ्या कपड्यांत उभा राहिला. "भन्तेजी, मी सातवं शील अखंड पाळणार. अश्विनी पौर्णिमेपर्यंत गाणं ऐकणार न्हाई."

भन्तेजी म्हणाले, "उपासक, एक दिवस नीट पाळलं तरी पुष्कळ आहे."

"तीन महिने. लिहून घ्या."

लिहून घ्यायला कुणाकडं वही नव्हती. पण सगळ्या विहारानं तीनदा 'साधु' म्हटलं, आणि बन्सीला पावती मिळाल्यासारखं झालं.

घरी येऊन त्यानं जे केलं ते फक्त जन्मभर कारकुनी केलेला माणूसच करू शकतो. मला बंद केलं. वायर गुंडाळून दोरीनं बांधली. कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या आणि डिंकानं माझ्या कॅसेटच्या दारावर एक, बटणांवर एक, कुशीतल्या भोकावर एक अशा चिकटवल्या. प्रत्येक पट्टीवर सही आणि तारीख. खाली 'समक्ष' लिहून पंडितची सही. जप्तीचा माल म्हणून माझा रीतसर पंचनामा झाला.

भिमाबाई गुडघ्याला तेल लावत बसली होती. "ह्याला जामीन कवा मिळंल?"

"पौर्णिमेला," बन्सी म्हणाला. तो विनोद करत नव्हता.

या घरात माणसं दोन आणि शील घेतलंय एकानंच, ही बाब कोणत्याही पट्टीवर नमूद नव्हती. गुडघ्यांमुळं भिमाबाईचं बाहेर जाणं थांबलं होतं. दिवसभर तिला सोबत माझीच. तिला विचारायला हवं होतं, हे बन्सीच्या लक्षात आलं नाही. संबंधित शाखेचा अभिप्राय न घेता काढलेला हुकूम होता तो.

आणि हुकूम कडक होता. फोनची घंटी बंद. तो नुसता थरथरायचा. टीव्हीवर फक्त बातम्या, आणि जाहिराती लागल्या की आवाज बंद, कारण जाहिरातीत गाणं असतं. पहिल्या आठवड्यात बन्सीनं दाढी करताना हनुवटी दोनदा कापली. एकदा पेपर वाचता वाचता शीळ घालायला लागला आणि विंचू चावल्यासारखा तोंडावर हात मारून घेतला. पंडित दर दोन दिवसांनी तपासणीला यायचा, स्टुलावर चढून माझ्या पट्ट्या शाबूत आहेत का बघायचा. एकदा तो वर चढलेला असताना त्याच्याच खिशातला फोन गाऊ लागला, आणि बन्सी दोन्ही कानांत बोटं घालून न्हाणीत पळाला.

"बंद केला रे, ये भाईर!" पंडित ओरडला. मग भिमाबाईला म्हणाला, "वहिनी, ह्यो टिकतोय बरं का."

"टिकंल की भाऊजी. हट्टाला कुठं गुडघे असत्यात?"

वीस-बावीस दिवस असे गेले. मग एका सकाळी, बन्सी मागच्या दारी कपडे वाळत घालत असताना, खालून सुपाचा आवाज आला. भिमाबाई तांदूळ निवडत होती. आणि सुपाच्या आवाजाखालून, नाल्याच्या कोरड्या पात्रात पाणी शिरावं तसा, तिचा आवाज आला. आधी नुसती चाल, शब्द नाहीत. मग शब्द.

मला ते ऐकून आनंद झाला असं सांगितलं तर खोटं होईल. तिचा आवाज पिकला होता, वरच्या पट्टीत फाटत होता, पण त्या आवाजाला खोलीतल्या भांड्यांसकट सगळ्यांनी कान दिला होता. माझ्या वेळी भांडी आपापलं काम करत.

"कापूस येचिता येचिता बोटं माजी चिरली गं..."

चादरीच्या फटीतून मला दिसलं, बन्सी ओला टॉवेल हातात घेऊन दारात उभा राहिला. तो नुसता ऐकत होता. हातात पेपर नाही, फोन नाही. त्याचा चेहरा मी छत्तीस वर्षं पाहिलाय. तसा तो माझ्यासमोर कधी झाला नव्हता. आणि मग त्याला सातवं शील आठवलं.

"भिमा! थांब थांब. गाणं हाय हे."

सूप थांबलं.

"पौर्णिमेपर्यंत तेवढं बंद ठिव. माझं शील मोडतंय."

भिमाबाईनं सूप खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. "डब्बा आणला तवा तुमीच म्हणलं व्हतं, आता ह्यो गातोय, तू कावून गातीस. आता डब्बा बंद हाय, तर म्हणता शील हाय. मग मी गावं तरी कवा?"

बन्सी हातातला टॉवेल पुन्हा पिळू लागला. मी चादरीत अंग चोरलं; मी तर आरोपी क्रमांक दोन होतो.

त्यानंतर घरात जी शांतता झाली, ती शीलाची नव्हती. भिमाबाई बोलायची, पण कामापुरतं. जेवा. पाणी आलं. लाईट गेली. बन्सी दोन दिवस अस्वस्थ फिरला आणि तिसऱ्या दिवशी, अडचणीत आल्यावर तो आयुष्यभर करत आला होता तेच त्यानं केलं. अर्ज लिहिला. 'विषय: गृहिणीच्या गायनामुळे घेतलेल्या शीलास बाध येतो किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.' तो घेऊन पंडितसह विहारात गेला.

भन्तेजींनी अर्ज दोनदा वाचला म्हणे. मग विचारलं, "शील कुणी घेतलंय?"

"मी."

"मग बाईंना मनाई कशाची?"

"पर भन्तेजी, ऐकू येतंय न."

"तर तुम्ही उठून ओट्यावर जा. दुसऱ्याचं तोंड बंद करून आपलं शील राहत नसतं." अर्जाची घडी करून परत देताना ते पुढं म्हणाले, "छत्तीस वर्षं टेप लावला म्हणता. ऐकत होतात का?"

घरी येऊन बन्सीनं यातला अर्धाच भाग सांगितला. उरलेला पंडितनं सांगितला, बन्सी चप्पल काढत होता तेवढ्या वेळात.

बन्सी आत आला, घसा साफ केला. "भिमा, तुझ्या गाण्याला आता माझी हरकत न्हाई."

"मी इचारलं व्हतं का?"

"न्हाई, पर—"

"मग तुमची हरकत बी तुमच्याचजवळ ठिवा आन् न-हरकत बी."

आणि ती गायली नाही.

इथून पुढं खरी परीक्षा लागली, आणि ती बन्सीनं विहारात उभं राहून घेतलेली नव्हती. रोज सकाळी ती सूप घ्यायची वेळ झाली की तो खुर्ची उचलून ओट्यावर जायचा. शीलाप्रमाणं. पाठ घराकडं, तोंड रस्त्याकडं. पण मान आपोआप लांब व्हायची. वीसेक मिनिटं बसून आत यायचा.

"झालं का?"

"काय व्हायचंय?"

"न्हाई, म्हणलं..."

"तांदूळ निवडून झाले. खडे लई हायत."

रोज हेच. भाद्रपदात मिरवणुकीचा डीजे गल्लीतून गेला. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, मी कपाटावरून दोन बोटं सरकलो. पंडित धावत आला. "बन्सी, गेलं बे तुझं शील! आख्खं गाणं ऐकलंस."

बन्सी शांतपणे म्हणाला, "ह्याला गाणं म्हणणाऱ्यानं आदी पुरावा द्यावा." पंडितनं विचार केला आणि तक्रार मागं घेतली.

पण त्याच संध्याकाळी, डीजे दूर गेल्यावर, बन्सी भिमाबाईजवळ येऊन बसला. ती शेंगा फोडत होती. त्यानंही चार उचलल्या.

"तुझी ती कापसाची व्हती बघ. बोटं चिरली म्हणून. पुढं काय हाय तिच्यात?"

"पुढची वळ हाय."

"सांग की. चाल नगं. नुसते शब्द. शब्दाला शील आडवं येत न्हाई." नियमातली फट शोधण्यात त्याची हयात गेली होती.

भिमाबाईनं एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "चालीबिगर शब्द येत न्हाईत मला. मी काय वाचून म्हणते व्हय?"

त्यानं आणखी एक शेंग फोडली. मग म्हणाला, "तेलगावला तू कापूस येचायला जायचीस, मी बीडला परीक्षेला बसायचो. तवाचीच हाय न ती?"

"तुमची नोकरीची ऑर्डर आल्यावरची," ती म्हणाली. आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून, त्याच्याकडं न बघता, "एवढे दिस काढले, आता पौर्णिमेपर्यंत काढा. मोडू नका मधीच," असंही म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून बन्सी कॅलेंडरवर तारखा खोडू लागला. रोज एक, लाल पेननं. मला बरं वाटलं. माणसाला शेवटी माझी आठवण होते तर, असं मी चादरीत पडल्या पडल्या म्हटलं. वाट पाहण्याला विषय असतो आणि तो विषय आपण नसू शकतो, हे गोडवे ऐकायची सवय लागलेल्याच्या ध्यानात येत नाही. मी अजून दोन स्पीकरवाला होतो.

अश्विनी पौर्णिमा आली. वर्षावास संपला. भिमाबाईनं खीर केली, बन्सी विहारात देऊन आला, आणि दुपारच्या जेवणानंतर मला खाली उतरवलं. पंडित हजर होताच, पंच या नात्यानं. दोघांनी मिळून सह्या तपासल्या. मग बन्सीनं पट्ट्या ओल्या फडक्यानं भिजवून काढल्या, धूळ पुसली, वायर भिंतीत खोचली. माझ्या अंगातून वीज फिरली. कोणतं गाणं लावणार, याचा मी अंदाज बांधू लागलो.

त्यानं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून एक कॅसेट काढली. मी ती ओळखली. औरंगाबादच्या दुकानदारानं माझ्यासोबत भेट म्हणून दिली होती, कोरी. तिच्यावरचा प्लास्टिकचा कागद अजून निघालेला नव्हता. बन्सीनं तो फाडला, कॅसेट आत बसवली आणि लाल बटण दाबलं.

मला क्षणभर काय झालं तेच कळेना. छत्तीस वर्षं जे बटण नुसतं दिसायला होतं, ते आत गेलं आणि माझी चाकं फिरू लागली.

"म्हण भिमा."

"कुणाला? डब्ब्याला?"

"ह्याच्यात भरून ठिवू. कायमचं राहील."

"भरून ठिवाया लोणचं हाय का ते?"

पंडित खिरीत हसला. बन्सीनं माझ्याकडं पाहिलं, तिच्याकडं पाहिलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, तेच, ज्याच्यावर चढून माझी तपासणी व्हायची, आणि तिच्या समोर मांडून त्यावर बसला. पेपर घेतला नाही. फोन खिशातून काढून फळीवर ठेवला. कचेरीत नवीन साहेबासमोर बसायचा तसे दोन्ही हात गुडघ्यांवर.

"मला म्हण," तो म्हणाला.

भिमाबाईनं पदर खोचला. मग म्हणाली, "रिकाम्या हातानं येत न्हाई," आणि सूप ओढलं. मूठभर तांदूळ टाकले. दोन वेळा पाखडलं. आणि सुरुवात केली.

"कापूस येचिता येचिता बोटं माजी चिरली गं,
सायेब झाल्या कंथाची नजर कुठं फिरली गं."

सूप चालत राहिलं. तिनं दोन्ही ओळी पुन्हा म्हटल्या, जरा वरच्या आवाजात, आणि थांबली.

बन्सी कारकून म्हणून लागला आणि कारकून म्हणून निवृत्त झाला. एवढ्या नोकरीत त्याला कुणी साहेब म्हटलं नाही, शिपायानंही नाही. एकीनं म्हटलं होतं, ऑर्डर आली त्याच वर्षी. ती ओळ त्याच्यापर्यंत पोचायच्या आत त्यानं माझी वायर भिंतीत खोचली होती.

"ही दुसरी वळ... कवा जोडलीस?"

"जोडायची काय? संगंच हाय ती. तुमी पहिलीलाच उठायचे."

पंडितनं वाटी खाली ठेवली, चमचा वाजणार नाही अशी. "मी येतो वहिनी," म्हणाला आणि गाजावाजा न करता गेला. पंडितच्या बाबतीत ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

बन्सी बसूनच होता. म्हणाला, "आजून हायत का?"

"लई हायत. समद्या काय तुमच्यावर न्हाईत, भेऊ नका."

मग ती अर्धा तास गायली. सासूवर एक, तेलगावच्या वाटेवरच्या चिखलावर एक, पुण्याच्या लेकावर दोन. बन्सी एकदा हसला, एकदा चष्मा पुसला आणि एकदाही उठला नाही. कॅसेट संपली तेव्हा माझं बटण खट्‌कन वर आलं, तेव्हा कुठं मी इथं असल्याचं त्यांना आठवलं.

बन्सीनं कॅसेट मागं नेली आणि लावली. मी जिवाचं रान केलं. पण माझ्या तोंडून आलं ते एवढंच: स्स्स्स्स्स. पाच मिनिटं, दहा मिनिटं, तेच. मधूनच कुठंतरी लांब सूप हलल्यासारखं वाटलं, तेही माझ्या मनाचे खेळ असतील. गाणी घासून घासून फितीला टेकणारं माझं हेड केव्हाच झिजलं होतं. दुसऱ्याचं वाजवण्यापुरतं ते उरलं होतं. नवं काही धरून ठेवणं त्याला जमत नव्हतं.

बन्सीचा चेहरा पडला. "हेड गेलं ह्याचं. उद्याच दुरुस्तीला टाकतो. नवं हेड बसवू आन् परत—"

भिमाबाई हसत होती. गुडघे धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. "राहू द्या. बरं झालं. ऐकायचं असलं तर समोर येऊन बसावं लागंल आता."

त्याला महिना होऊन गेला. मी परत फळीवर आहे, तसबिरींखाली, माझ्या जागेवर. रेडिओ उत्तम चालतो, पेनड्राइव्ह चालतो. मला कुणी निवृत्त केलेलं नाही. फक्त वेळापत्रक बदललंय. सकाळी आधी सूप, मग मी. बन्सी स्टूल घेऊन बसतो. दाढी नंतर. तो आता ओळींची अक्षरं वहीत उतरवायला बघतो, आणि ती त्याला चालीवर अडवते, एकदा म्हणून दाखव म्हणते. आणि तो म्हणतो तेव्हा, विश्वास ठेवा, त्यापेक्षा माझी सुंसुं बरी.

माझी विनंती एकच आहे, आणि माझ्या जातीच्या यंत्रानं ती आजवर केली नसेल. बीडमध्ये अजून दोघं-तिघं असे आहेत, ज्यांना माझं हेड बदलता येतं. गुणी कारागीर आहेत. त्यांचा हात लागला तर मी पुन्हा नव्यासारखा होईन. त्यांनी कृपा करून या घरचा पत्ता विचारू नये.

बस्स, थांबतो. तिनं सूप उचललंय. मला ऐकायचंय.